अभियांत्रिकीतून कंपनीच्या वित्त विभागाकडे : पात्रता, परीक्षा आणि मर्यादा

जबलपूर : आयुध निर्माणी मंडळ 1 ऑक्टोबर 2021 रोजी विसर्जित होऊन त्याचे 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. जबलपूरची 1904 मध्ये स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या, खमरिया येथील आयुध निर्माणी पुण्याच्या, वाहन कारखाना चेन्नईजवळील आवडीच्या, तर ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या कंपनीकडे गेली. पूर्वी या कारखान्यांचे हिशेब संरक्षण लेखा विभाग पाहत असे. आता कंपनी कायदा 2013 नुसार प्रत्येक कंपनीला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक सादर करावे लागते. त्यामुळे उत्पादन क्षेत्रातून वित्त विभागाकडे वळता येते का, या प्रश्नाला या शहरात विशेष महत्त्व आहे.

कायद्याने हे दार बंद केलेले नाही. सूचीबद्ध कंपन्यांना, तसेच 10 कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या सार्वजनिक कंपन्यांना कलम 203 नुसार पूर्णवेळ मुख्य वित्तीय अधिकारी नेमावा लागतो. मात्र त्या पदासाठी विशिष्ट पदवीची अट कायद्यात नाही. वैधानिक लेखापरीक्षण मात्र केवळ सनदी लेखापालच करू शकतो आणि परिव्यय लेखापरीक्षण परिव्यय लेखापाल करतो. आपल्याला वित्तव्यवस्थापन करावयाचे आहे की लेखापरीक्षण, हे प्रथम ठरविणे म्हणूनच आवश्यक ठरते.

अन्य शाखांच्या पदवीधरांना किमान 60 टक्के गुण असल्यास सनदी लेखापाल अभ्यासक्रमाच्या इंटरमीडिएट स्तरावर थेट प्रवेश मिळतो. तथापि, दोन वर्षांची आर्टिकलशिप पूर्णवेळ असून तेवढ्या काळात वेतनाऐवजी विद्यावेतनावर भागवावे लागते. परिव्यय लेखापाल अभ्यासक्रमातही अभियांत्रिकीच्या पदवीधरास इंटरमीडिएटला थेट प्रवेश आहे. यंत्रतास, कच्चा माल आणि वाया जाणारा माल यांची जाण असलेल्यास हा विषय अधिक जवळचा वाटतो.

खरा बदल विचारपद्धतीत करावा लागतो. एक कोटी रुपयांच्या यंत्रामुळे दरवर्षी 25 लाख रुपयांची बचत होत असेल, तर साध्या हिशेबाने रक्कम चार वर्षांत वसूल होते. परंतु 10 टक्के दराने वर्तमान मूल्य काढल्यास पाच वर्षांच्या बचतीचे मोल सुमारे 94.8 लाख रुपयेच भरते. गुंतवणूक वसूल होण्यास सहावे वर्ष उजाडते. यंत्र किती काळ टिकेल हे अभियंता जाणतो, पैशाला काळाचीही किंमत असते हे त्याला नव्याने शिकावे लागते.

नोकरी सोडण्यापूर्वी आपल्याच विभागाचे अंदाजपत्रक, खरेदीचे प्रस्ताव आणि खेळत्या भांडवलाचा हिशेब हाताळून पाहणे हा कमी जोखमीचा मार्ग आहे. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्यांनी प्रशिक्षणकाळातील घरखर्चाची तरतूद आधी करणे हितावह ठरते.