मलिद्याचं ताट: खंडाळे ते दिमोना

पोहे निवडून धुवायचे आणि चाळणीत निथळत ठेवायचे. पाण्यात भिजत घालायचे नाहीत, दाणा मोकळा राहायला हवा. मग त्यात खवलेला ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ आणि काजू-बदामाचे काप. हलक्या हाताने कालवून मोठ्या ताटात त्याची शीग लावायची आणि भोवती फळं मांडायची: केळी, संत्री, सफरचंद, चिकू, खजूर. फळांचे प्रकार पाच किंवा सात, पण विषमच. बाजूला सब्जाची डहाळी किंवा गुलाब.

कोकणातल्या कुणालाही हे ताट सत्यनारायणाच्या प्रसादाचं वाटेल. ते आहे ज्यूंच्या संदेष्टा एलियाहू हन्नाबीच्या नवसाचं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत लग्न ठरलं, मूल झालं, दुखण्यातून माणूस उठला, नवं घर घेतलं किंवा कुणी परदेशी निघालं की मलिदा होतो. पुरुष डोक्यावर टोपी घालून ताटाभोवती बसतात, हिब्रू प्रार्थना म्हणतात आणि एकेका जिन्नसावर त्याची त्याची बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणून तो वाटतात. झाडाच्या फळाची बराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. ज्यू शास्त्रात केळं दुसऱ्या गटात मोडतं. ताट कोकणी असलं तरी त्याचे नियम जुने आहेत.

हे ताट आलं कुठून? बेने इस्रायलींच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा पुढे विसरली, राहिल्या त्या मोजक्या गोष्टी: सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य, आणि शनिवारी काम बंद. घाणा चालवून तेल काढायचे आणि शनिवारी घाणा थांबवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: दिवेकर, पेणकर, झिराडकर, किहीमकर. सणांची नावंही स्वयंपाकघरातून आली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळायचा तो ‘बिरड्याचा सण’. आणखी एक ‘खिरीचा सण’.

या मंडळींना एलियाहू भेटला तो खंडाळे गावात. हे अलिबागजवळचं खंडाळे, घाटातलं खंडाळा नव्हे. तिथे एका खडकावर खुणा आहेत. संदेष्टा आपल्या रथातून इथूनच स्वर्गात गेला, अशी श्रद्धा आहे. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे ज्यूंच्या झाडांच्या नववर्षाला, त्याचा सण असतो आणि त्याला म्हणतात ‘उरूस’. उरूस आणि मलिदा हे दोन्ही शब्द दर्ग्याच्या अंगणातले. दख्खनेत पिराला चढवायचा मलिदा गव्हाच्या चुरम्याचा असतो. बेने इस्रायलींनी नाव ठेवलं आणि गव्हाच्या जागी आपल्या शेतातले पोहे घातले, असं मला वाटतं. मुस्लिम परंपरेतला ख्वाजा खिज्र आणि एलियाहू यांची सांगड तर भारताबाहेरही फार पूर्वीपासून घातली गेली आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या पिरात आपला नबी ओळखणं ही काही कोकणातल्या अडाणी माणसांची गल्लत नव्हती.

हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. ज्या काळात बाहेरचे ज्यू या समाजाच्या ज्यूपणावर शंका घेत होते, त्या काळात त्यांनी घरातल्या चालीरीती जशा होत्या तशा लिहून ठेवल्या. ते पुस्तक छापलं गेलं १९३७ साली, तेल अवीवमध्ये. माणसांच्या आधी त्यांचा इतिहास तिथे पोचला.

माणसं निघाली १९४८ नंतर. तेव्हा भारतात सुमारे २० हजार बेने इस्रायली होते. बहुतेकांनी गावचे घाणे केव्हाच सोडले होते. मुंबईत रेल्वे, गिरण्या, पोस्ट, इस्पितळं, लष्कर अशा नोकऱ्यांत ते स्थिरावले होते. इथे कुणी त्यांना ज्यू म्हणून छळलं नाही. ते गेले ते प्रार्थनेतल्या देशाला, इस्रायलला. तिथे त्यांना मिळाले तंबू, पत्र्याच्या खोल्या, आणि पुढे बेरशेबा, येरुहाम, दिमोना अशी वाळवंटातली गावं. रेशन कार्डावर अंडी, साखर, तेल. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसाच्या हाती तिथे कुदळ आली, आणि पन्नाशीला हिब्रू अक्षरं गिरवायची वेळ आली.

१९५१-५२ मध्ये काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं. रंगावरून भेद होतो, कामं हलकी मिळतात, आम्हाला परत पाठवा, ही मागणी. शंभराहून अधिक जण खरोखर परत आले. त्यांतले बरेचसे पुढे पुन्हा गेले. दोन्ही बाजूंनी पाय उचलून पुन्हा टेकवायला लागणारा धीर मला त्या परतण्या-जाण्यात दिसतो.

याहून खोल जखम १९६२ ची. इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्रायली मुलगा किंवा मुलगी इतर ज्यूशी लग्न करणार असेल, तर आधी घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी व्हावी. शंका अशी, की कोकणात घटस्फोटाचे आणि विधवेच्या पुनर्विवाहाचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले गेले नसतील. शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांचं नाव पडलं, त्यांच्या पणतवंडांना आता ज्यूपण सिद्ध करायला सांगितलं गेलं. मोर्चे निघाले, जेरुसलेमात धरणं झालं. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि आदेशातून त्यांचं नाव निघालं.

या सगळ्यात मलिद्याचं ताट उलटंपालटं झालं. कोकणात हे ताट सांगायचं की आम्ही शेजाऱ्यांहून वेगळे, हा आमचा नबी, ही आमची हिब्रू प्रार्थना. दिमोनात शेजारी मोरोक्कोचे, रुमानियाचे, आणि तेही ज्यूच. एलियाहू त्यांनाही ठाऊक. पेसाहच्या सणाच्या रात्री त्याच्या नावाचा पेला भरतात, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. नवे होते ते फक्त पोहे. ज्या ताटाने कोकणात ज्यूपण राखलं, त्याच ताटाने तिथे भारतीयपण सांगितलं. अंगावरचा कोट उलटा करून घालावा, तसं झालं.

जिनसांचंही तेच. कोकणात पोहे, नारळ, केळी अंगणातली आणि खजूर तेवढा आखातातून गलबताने आलेला परदेशी. इस्रायलमध्ये खजूर दारातला, आरावाच्या आणि जॉर्डन नदीच्या खोऱ्यातल्या बागांमधला. नारळ मात्र तिथे पिकत नाही आणि पोहे दुकानातून आणावे लागतात. आता रामले, अश्दोद, दिमोना इथे भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत, पोह्यांची पाकिटं मिळतात, सुकं खोबरं मिळतं. खंडाळ्याचा खडक मागे राहिला, पण हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा आहे. नवस फेडायला बेने इस्रायली तिथेही जातात.

लग्नं आता सर्रास इतर ज्यूंशी होतात, आणि मेंदीच्या दिवशी मलिद्याचं ताट पुढे येतं. १९६२ साली ज्या लग्नांसाठी वंशावळ मागितली जात होती, त्याच लग्नांत पोलंडचे किंवा येमेनचे व्याही ओंजळीत पोहे-खोबरं घेतात, हे मला क्नेसेटच्या ठरावाइतकंच मोलाचं वाटतं.

आजीच्या पिढीने मलिद्याची प्रार्थना पाठ केलेली असायची, तिचा शब्दन्‌शब्द कळत असेच असं नाही. हिब्रूत वाढलेल्या नातवंडांना ती ऐकताक्षणी कळते. त्यांना विचारून घ्यावं लागतं ते वेगळंच: पोहे किती वेळ निथळायचे, जाड घ्यायचे की पातळ, खोबरं सुकं असेल तर पाण्याचा हबका किती. हे सगळं आजी सांगते मराठीत. इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे, त्याचा वाचकही आजीच्याच वयाचा. नातवंडं हिब्रूत विचारतात, आजी मराठीत उत्तर देते, आणि कालवायला हात दोघांचे लागतात.