डॉक्टर जॉन्सनची विषण्णता

‘माझी बुद्धि आतां काम देत नाहीं’ असें जो म्हणतो, त्याची बुद्धि खरोखरच निकामी झालेली असते काय? हा प्रश्न प्रथमदर्शनीं वैद्यकांतला वाटेल. परंतु इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याचें एक बोलकें उदाहरण नमूद आहे. तें कोशकार सॅम्युअल जॉन्सन याचें होय.

१७२९ सालीं, ऑक्सफर्डच्या सुटींत, जॉन्सन लिचफील्ड या आपल्या गांवीं आला असतां त्याला विषण्णतेनें ग्रासलें. तो तेव्हां अवघा वीस वर्षांचा. चिडचीड, निराशा आणि अखंड उदासी यांमुळें जगणें त्याला नकोसें झालें. मनावरचा भार हलका व्हावा म्हणून तो बर्मिंगहॅमपर्यंत पायीं जाऊन परत येई. ही रपेट सुमारें ३२ मैलांची. कधीं कधीं ग्लानि इतकी येई कीं, गांवच्या घड्याळांत किती वाजले हेंहि त्याला उमगत नसे. आपल्याला वेड लागणार, ही धास्ती पुढें त्याला जन्मभर पुरली.

अखेर आपल्या विकाराची हकीकत लॅटिन भाषेंत लिहून त्यानें ती आपले धर्मपिता, वैद्य स्विनफेन, यांच्या स्वाधीन केली. त्या लेखांतील सूक्ष्म निरीक्षण आणि भाषेचें सामर्थ्य पाहून वैद्यराज इतके चकित झाले कीं, कौतुकाच्या भरांत त्यांनीं तो लेख दुसऱ्यांनाहि दाखविला. जॉन्सनला हें कळलें तेव्हां तो फार दुखावला. बुद्धि ढळत असल्याची तक्रार करणारा तो कागदच ती शाबूत असल्याचा पुरावा होता! चरित्रकार बॉस्वेल यानें १७९१ सालीं ही विसंगति नेमकी टिपली आहे.

याच माणसानें १७४६ सालीं कोशाचें काम पत्करलें आणि १७५५ सालीं चाळीस हजारांहून अधिक शब्दांचा कोश सिद्ध केला. तरीहि स्वतःच्या नजरेंत तो आळशीच राहिला. लवकर उठण्याचा संकल्प तो वर्षानुवर्षें करी आणि मोडी. केलेल्या कामापेक्षां राहिलेलें कामच त्याच्या डोळ्यांपुढें उभें असे.

१७ जून १७८३ च्या पहाटें त्याला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. बुद्धि तरी शाबूत आहे ना, हें पाहण्यासाठीं त्यानें मनांतल्या मनांत लॅटिन पद्यांत प्रार्थना रचिली. पद्य कांहीं फार चांगलें उतरलें नाहीं; पण तें चांगलें नाहीं हें आपल्याला कळतें, म्हणजे बुद्धि ठिकाणावर आहे, असा निष्कर्ष त्यानें काढिला. नुसत्या भीतीवर विसंबून न राहतां त्यानें या वेळीं बुद्धीची परीक्षा घेतली.

हा भेद वैद्यकानें पुढें तपासून पाहिला. १९६१ सालीं लेस्ली कायलो यांनीं आभासी स्मृतिभ्रंशावर निबंध प्रसिद्ध केला. स्मृति गेल्यासारखे वाटणारे कित्येक रोगी मूळचा मनोविकार दूर होतांच सावरतात, हें त्यांत दाखविलें होतें. विसरभोळेपणाच्या तक्रारीचें नातें पुष्कळदां परीक्षेंतील गुणांपेक्षां मनाच्या खिन्नतेशीं अधिक जवळचें असतें, असें त्यानंतरच्या अभ्यासांतहि आढळलें आहे. कारण उघड आहे. खिन्न मन स्वतःतच गुंतलेलें असतें. ज्याकडे लक्षच गेलें नाहीं, तें लक्षांत राहणार कसें? शिवाय असा माणूस एक चूक मनांत घोळवितो आणि बरोबर केलेल्या दहा गोष्टी विसरतो.

मात्र ही तक्रार निव्वळ कल्पना समजूं नये. विषण्णतेनें लक्ष आणि विचारांची गति खरोखरच मंदावूं शकते; आणि उतारवयांत ती कधीं कधीं खऱ्या स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचनाहि असते. म्हणून घरांतील कोणी हिशेब लिहिणें सोडलें, वाचन टाकलें, ‘डोकें चालत नाहीं’ असें म्हणूं लागलें, तर त्याला आळशी म्हणूं नये कीं म्हातारचळ लागला म्हणून हंसूं नये. त्याच्या स्मृतीबरोबर त्याच्या मनाचीहि वैद्याकडून तपासणी करवावी. स्विनफेन यांनीं लेखाचें कौतुक केलें. पण तो लिहिणारा तरुण कौतुक मागावयास आला नव्हता, मदत मागावयास आला होता.