त्रिमित प्रतिमा आणि प्रेक्षकाची प्रतीती

‘होलोग्राम’ हा शब्द आज मराठीत तीन भिन्न वस्तूंना लावला जातो: बँकेच्या कार्डावरचा चकाकणारा रुपेरी चौकोन, रंगमंचावर अवतरणारी दिवंगत गायकाची आकृती, आणि लेसरप्रकाशाने काचपट्टीवर नोंदलेली वस्तूची प्रतिमा. यांतील पहिली वस्तू होलोग्रामच आहे, पण कनिष्ठ जातीची. दुसरी होलोग्राम नाही. तिसरी पूर्णार्थाने होलोग्राम आहे. लोकांनी होलोग्रामचे स्वागत कसे केले, या प्रश्नाची बहुतेक उत्तरे फसतात ती हे तीन अर्थ एकत्र कालवल्यामुळे. म्हणून व्याख्या आधी.

प्रकाशतरंगाची दोन अंगे येथे विचारात घ्यावयाची आहेत: परमप्रसर, ज्यावर प्रकाशाची तीव्रता ठरते, आणि कला, म्हणजे तरंग आपल्या आवर्तनाच्या कोणत्या अवस्थेत आहे ते. छायाचित्र पहिल्याची नोंद करते व दुसरे गमावते. होलोग्राम दोहोंची नोंद करतो. वस्तूवरून परतलेला तरंग आणि त्याच उगमातून थेट आलेला संदर्भतरंग एकमेकांत मिसळले की व्यतिकरणाची नक्षी उमटते. ही नक्षी मिलिमीटरला हजाराहून अधिक रेघांइतकी सूक्ष्म असू शकते, आणि तीत वस्तूशी साम्य असलेले काहीही दिसत नाही. तिच्यावर योग्य कोनातून पुन्हा प्रकाश टाकला असता विवर्तनाने मूळ तरंग पुन्हा उभा राहतो. म्हणजे होलोग्राममध्ये डोळ्याला वस्तू मिळत नाही, वस्तूचा तरंग मिळतो. प्रत्यक्ष वस्तू समोर असतानाही डोळ्याला याहून वेगळे काही मिळत नसते.

इतिहास थोडक्यात पुरेसा आहे. डेनिस गाबोर यांनी १९४७ मध्ये हे तत्त्व मांडले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्यासाठी. त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लेसर १९६० मध्ये आला. १९६२ मध्ये मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ व युरिस उपाटनिएक्स यांनी, आणि लेनिनग्राडमध्ये युरी डेनिस्युक यांनी, परस्परांहून भिन्न पद्धतींनी होलोग्राफीला नवे वळण दिले. डेनिस्युकांचा होलोग्राम साध्या पांढऱ्या दिव्यातही दिसतो. स्टीफन बेंटन यांचा १९६८ चा ‘इंद्रधनुष्यी’ होलोग्रामही पांढऱ्या प्रकाशात दिसतो आणि साच्याने छापता येतो. त्यासाठी त्याने जे गमावले त्याचा उल्लेख पुढे येईल. छपाईची अलीकडची पद्धत याहून निराळी आहे. तीत संगणकातील आकृतीचे सूक्ष्म घटकांत विभाजन होते. प्रत्येक घटकाला ‘होजेल’ म्हणतात, आणि लेसर एकेक होजेल क्रमाने पटलावर उमटवत जातो. ज्या वस्तूचा होलोग्राम काढायचा ती अस्तित्वात असण्याची अट यामुळे गळून पडते. ऑस्टिनच्या झेब्रा इमेजिंग या कंपनीने अशा पद्धतीने अमेरिकी सैन्यासाठी शहरांचे नकाशे छापले: टेबलावर सपाट पटल, वरून एक दिवा, आणि कागदाच्या जाडीतून वर उठलेल्या इमारती.

आता प्रेक्षकाकडे वळू. समोरचे दृश्य खोल आहे की सपाट, हे मन दोन प्रकारच्या खुणांवरून ठरवते. पहिल्या चित्रगत: यथादर्शन, छाया, एका वस्तूने दुसरीला झाकणे. या कोणताही कुशल चित्रकार देऊ शकतो. दुसऱ्या देहगत, आणि त्या चार आहेत. (१) द्विनेत्रभेद: दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटीमीटर अंतर असल्याने दोघांना थोडी भिन्न दृश्ये मिळतात. (२) अभिसरण: जवळच्या वस्तूकडे पाहताना डोळे आत वळतात. (३) समायोजन: डोळ्याचे भिंग अंतरानुसार आपली वक्रता बदलते. (४) पराशय: डोके हलवले की जवळचे झपाट्याने सरकते, दूरचे मंद, आणि आधी झाकलेले उघडे पडते. या चारांना या विवेचनात परीक्षा म्हटले आहे, कारण प्रेक्षक नकळत त्या प्रत्येक दृश्याला लावून पाहतो. पाचवी परीक्षा स्पर्शाची. ती एरवी लावण्याची वेळ येत नाही.

माध्यमांचे वर्गीकरण या परीक्षांवरून करणे हेच शास्त्रशुद्ध. चित्र एकाही देहगत परीक्षेला उतरत नाही, आणि उतरण्याचा दावाही करत नाही. व्हीटस्टन यांचा १८३८ चा स्टिरिओस्कोप आणि त्याच्या वंशातला थ्रीडी चित्रपट पहिल्या दोन परीक्षा उत्तीर्ण होतात. तिसरीत विसंगती येते: डोळे वळतात पडद्यापुढच्या बिंदूकडे, भिंग मात्र पडद्यावरच रोखलेले राहते. अनेकांना चष्म्यामागे होणाऱ्या त्रासाचे हे एक प्रमुख कारण. चौथीत तर उलटच घडते. ‘झपाटलेला २’ हा पहिला मराठी थ्रीडी चित्रपट २०१३ मध्ये आला. असा चित्रपट पाहताना खुर्चीत डावीउजवीकडे झुकून पाहावे: पडद्याबाहेर आलेली वस्तू आपली दुसरी बाजू दाखवत नाही, ती आपल्याबरोबर सरकते. खरी वस्तू असे कधी करत नाही. पूर्ण होलोग्राम मात्र चारही परीक्षांना उतरतो. बेंटन यांच्या प्रकारात उभा पराशय नसतो. डोके वरखाली केल्यास नवी बाजू दिसत नाही, फक्त रंग बदलतो.

यावरून प्रतीतीचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे सर्वांत नेमके साधन आपल्याच परंपरेत उपलब्ध आहे. नटाच्या ठिकाणी होणारी रामाची प्रतीती कोणत्या जातीची, हे सांगताना नाट्यमीमांसक श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय मांडला. त्याचे मत अभिनवगुप्ताने नोंदवून खोडले आहे. चित्रातला घोडा पाहताना होणारे ज्ञान सम्यक् नाही, मिथ्या नाही, संशयरूप नाही, सादृश्यरूपही नाही. ते या चौघांहून विलक्षण आहे, आणि म्हणूनच निर्वेधपणे आस्वाद्य आहे. या न्यायामागे एक गृहीतक आहे, जे शंकुकाला सांगण्याची गरज नव्हती: चित्रतुरग देहगत परीक्षांत अनुत्तीर्ण होतो हे प्रेक्षकाच्या देहाला ठाऊक असते. तबेल्यातला घोडा आणि भिंतीवरचा घोडा यांत त्याची गल्लत होण्याचा संभव नाही. होलोग्राम हे गृहीतकच काढून घेतो. चारही परीक्षा ‘वस्तू आहे’ असे सांगतात. बुद्धी ‘नाही’ म्हणते. येथे होणारी प्रतीती चित्रतुरगाची नव्हे. ती संशयाची आहे, आणि संशय निर्णय मागतो. होलोग्रामसमोर लोक जे जे करतात ते बहुतांशी या निर्णयासाठी केलेले असते.

पहिली प्रतिक्रिया शोधाची. १९६४ च्या वसंतात वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या ऑप्टिकल सोसायटीच्या अधिवेशनात लीथ व उपाटनिएक्स यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम ठेवला. पाहणाऱ्यांची रांग लागली. हे सर्व प्रकाशशास्त्राचे जाणकार होते. तरी आगगाडी कोठे लपवली आहे, आरसा कोठे आहे, अशी विचारणा त्यांच्यातून झाली. आगगाडी मिशिगनमध्येच राहिली होती. शास्त्र ठाऊक असल्याने संशय मिटत नाही, एवढे या प्रसंगावरून सिद्ध मानावे.

दुसरी प्रतिक्रिया स्पर्शाची. प्रतिमा पट्टीच्या मागे असेल तर प्रेक्षक पट्टीमागे डोकावतो. पुढे असेल तर हात पुढे करतो. हा हात पाहण्यासारखा असतो. तो झडप घालत नाही, मंद जातो, बोटे किंचित मिटलेली असतात. बोट प्रतिमेच्या पृष्ठाशी पोहोचते आणि थांबत नाही. त्या क्षणी बहुतेक माणसे हसतात. चार साक्षी एकीकडे आणि एक दुसरीकडे. पण ती एक निर्णायक, म्हणून संशय तेथे संपतो. तो संपला की पुढे खरा आस्वाद सुरू होतो, म्हणजे शंकुकाचा न्याय होलोग्रामला लागू पडतो, पण स्पर्शानंतर.

तिसरी भयाची. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर कार्तिए या जवाहिऱ्याच्या दर्शनी खिडकीत रॉबर्ट शिनेला यांचा होलोग्राम लावला गेला: रत्नजडित दागिने धरलेला हात, काचेतून बाहेर पदपथावर आलेला. एका वृद्धेने हे सैतानाचे कृत्य मानून त्या हातावर छत्री उगारली, अशी कथा प्रचलित आहे. ल्युमिएर बंधूंची आगगाडी पाहून पॅरिसचे प्रेक्षक पळाले, या कथेची ती सख्खी बहीण. तीही इतिहासकार आता जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी जे चित्रपट दाखवले गेले त्यांत आगगाडीच्या आगमनाचे दृश्य होतेच. त्याआधीच कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ प्रकाशाने पडद्यावर चित्रे हलवून दाखवत होती, म्हणजे येथील प्रेक्षक त्याला अगदीच नवखा नव्हता. अशा कथांमधून प्रेक्षकाच्या भयापेक्षा कथा सांगणाऱ्याची हौस अधिक कळते: आपल्याहून भोळा कोणीतरी होता, हे त्याला हवे असते.

चौथी प्रतिक्रिया अविश्वासाची, आणि सर्वाधिक विचार तिचा करावा लागतो. छापील होलोग्रामची ध्वनिचित्रफीत मोबाइलवर पाहणारे अनेकजण ‘ही संगणकाची करामत आहे’ असा निवाडा देतात. या निवाड्यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. होलोग्रामचे वैशिष्ट्य ज्या चार परीक्षांत आहे त्यांतील एकही पडद्यावर लावता येत नाही. कॅमेरा फिरतो तेव्हा पराशय दिसतो, पण तो कॅमेऱ्याचा. प्रेक्षकाने स्वतःचे डोके हलवले तर काहीच बदलत नाही. उरतात त्या चित्रगत खुणा, आणि त्या तर संगणक सहज निर्माण करतो. त्यामुळे खरा होलोग्राम आणि त्याची बतावणी यांच्या ध्वनिचित्रफिती प्रेक्षकाच्या दृष्टीने तुल्यबल आहेत. तुल्यबल पुराव्यावर अविश्वास ठेवणे हे तर्कसंगतच आहे.

याच्या नेमका उलट पाचवा प्रकार: अस्थानी विश्वास. ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालावेळी, सीएनएनने शिकागोमधील वार्ताहर न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ‘होलोग्राम’ म्हणून उभी केली. निवेदकासमोर प्रत्यक्षात काहीच नव्हते. आकृती फक्त दूरचित्रवाणीच्या चित्रात मिसळलेली होती. २०१२ मध्ये कोचेला महोत्सवात दिवंगत रॅप गायक तुपाक शकूर ‘अवतरला’. त्याच वर्षी गुजरात विधानसभेच्या व २०१४ मध्ये लोकसभेच्या प्रचारात नरेंद्र मोदी यांची भाषणे अनेक ठिकाणी एकाच वेळी ‘थ्रीडी’ रूपात झाली. या शेवटच्या दोहोंमागे मूळ युक्ती एकच, लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२ साली गाजलेले ‘पेपरचे भूत’: तिरप्या पारदर्शक पृष्ठावरचे प्रतिबिंब. एक भेद येथे नोंदवला पाहिजे. १८६२ चे भूत म्हणजे खड्ड्यात उभ्या असलेल्या जिवंत नटाचे प्रतिबिंब होते, म्हणजे ते खरोखर त्रिमित होते. आजचे प्रतिबिंब सपाट चित्रफितीचे असते. दीडशे वर्षांत या एका बाबतीत भुताची अवनती झाली. ते खपते याचे कारण प्रेक्षक दूर असतो, जागेवर असतो, आणि दूरवरून देहगत खुणा क्षीण होतात.

२३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा ‘होलोग्राम पुतळा’ अनावृत झाला: २८ फूट उंच, ६ फूट रुंद, ३०,००० ल्युमेनचा प्रक्षेपक आणि जवळजवळ पारदर्शक पडदा. वरील व्याख्येनुसार हा होलोग्राम नव्हे. शब्दाच्या या सैल वापराने काय बिघडते, असे विचारले जाईल. बिघडते ते असे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने लोकांच्या मनात हवेत तरंगणारी, कोठूनही दिसणारी आकृती ठसवली, प्रक्षेपणांनी ती अपेक्षा जोपासली. खऱ्या होलोग्रामला मात्र एक अटळ मर्यादा आहे: डोळा, प्रतिमेचा बिंदू आणि पट्टी एका रेषेत आली पाहिजेत. नजरेची रेषा पट्टीबाहेर गेली की प्रतिमा त्या कडेवर कापली जाते. याखेरीज दिवा एकच हवा, ठरल्या कोनातला हवा. ट्यूबलाइटखाली प्रतिमा फाकते आणि तिच्या कडा विरघळतात. जो प्रेक्षक खोट्याचे मोठेपण पाहून आला, त्याला खऱ्याचा लहानपणा खुपतो.

शेवटी औदासीन्य. मास्टरकार्डने १९८३ मध्ये, व्हिसाने १९८४ मध्ये कार्डांवर होलोग्राम आणला. मार्च १९८४ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर गरुडाचा होलोग्राम लक्षावधी घरांत पोहोचला. न्यूयॉर्कचे होलोग्राफी संग्रहालय १९७६ मध्ये उघडले आणि १९९२ मध्ये बंद पडले. त्याचा संग्रह एमआयटीच्या संग्रहालयाकडे गेला. ज्या काळात होलोग्राम सर्वत्र पोहोचला त्याच काळात तो पाहणे थांबले. कार्डावरचा होलोग्राम वस्तू दाखवण्यासाठी नसून खरेपणाची खूण म्हणून असतो, आणि खूण ओळखायला एक चकाकी पुरते. थ्रीडी दूरचित्रवाणीचे औदासीन्य वेगळ्या जातीचे: २०१० मध्ये गाजावाजाने आलेले हे संच २०१७ पर्यंत मोठ्या उत्पादकांनी थांबवले, आणि तेथे दोष परीक्षांचाच होता.

वाचकाच्या पाकिटात पक्ष्याचा होलोग्राम असलेले एखादे कार्ड असेल तर ते एकाच बल्बच्या उजेडात, हातभर अंतरावर धरावे आणि सावकाश डावीउजवीकडे फिरवावे. पक्षी वळतो. मग वरखाली करावे. पक्षी वळत नाही, फक्त रंग बदलतो.