पडीक जमीन आणि इंधनवने : मातीतील कर्बाच्या हिशेबाचा इतिहास

इंधनासाठी मुद्दाम झाडे लावण्याची कल्पना आपल्याकडे आधुनिक समजली जाते. लाकूड जाळले तरी नवे झाड तेवढाच कर्ब हवेतून परत घेते, म्हणून हे इंधन निर्दोष होय, असे तिचे समर्थन केले जाते. वस्तुतः ही कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिच्या हिशेबातील उणीवही तितकीच जुनी आहे. हा हिशेब झाडाच्या खोडापाशी संपतो; खोडाखालची माती त्यात येत नाही. ती का आली नाही, याचा शोध घेताना वनशास्त्राइतकाच महसुली भाषेचाही विचार करावा लागतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम पंजाबचे उदाहरण घेऊ. इ. स. १८६५ मध्ये लाहोर–मुलतान लोहमार्ग सुरू झाला. राणीगंजचा दगडी कोळसा तेथून फार दूर आणि विलायती कोळसा महाग. तेव्हा आगगाडीची इंजिने लाकडावर चालवावी लागत. आसपासच्या खुरट्या रानांतील जंड, करीर, पीलू यांसारखी झाडे या भट्ट्यांना किती काळ पुरणार, ही चिंता लवकरच उत्पन्न झाली. तीतून इ. स. १८६६ मध्ये लाहोरच्या नैर्ऋत्येस, आज पाकिस्तानात असलेल्या चांगा मांगा येथे कालव्याच्या पाण्यावर शिसवीची लागवड सुरू करण्यात आली. कालव्याच्या पाण्याबरोबर तुतीचे बी वाहत आले व तुतीही तेथे आपोआप रुजली. ठराविक वर्षांनी तोड करावयाची, बुंध्यातून पुन्हा फुटवे येऊ द्यावयाचे आणि किती लाकूड निघाले ते नोंदवावयाचे, अशी ही पद्धत होती. उत्पन्नाचे माप लाकूड. दुसऱ्या कशाचे माप घेण्याचे कारणच नव्हते.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. अशा रानांना पंजाबात 'रख' म्हणत. हा शब्द 'रखना' या क्रियापदाशी संबद्ध आहे. मराठीतील 'राखण', 'राखीव' हे त्याचेच आप्त. रख म्हणजे चारा, गवत व सरपण यांसाठी राखून ठेवलेली जमीन. इंग्रजी दप्तरात मात्र हीच जमीन ओसाड, निरुपयोगी भूमीच्या सदरात गेली. ज्या जमिनीवर नांगर नाही व जिचा धारा येत नाही, ती पडीक, असा हा महसुली न्याय होता. 'राखलेली' जमीन 'टाकलेली' ठरली. भाषांतरात हरवला तो केवळ अर्थ नव्हे. त्या जमिनीत आधीपासून काही साठलेले असू शकते, ही शक्यताही हरवली.

चांगा मांगा येथे या चुकीची किंमत फारशी पडली नसावी. रुक्ष प्रदेशातील त्या मातीत सेंद्रिय द्रव्य मुळातच थोडे होते. पाणी, पाचोळा आणि शिसवीसारख्या शेंगवर्गीय वृक्षाची मुळे यांमुळे ते वाढले असण्याचाच संभव अधिक. परंतु तोच विचार निलगिरीच्या पठारावर लागू झाला, तेव्हा परिस्थिती अगदी वेगळी होती.

निलगिरीत ऑस्ट्रेलियातील युकॅलिप्टसचा प्रवेश इ. स. १८४३ च्या सुमारास झाला. मराठीत या झाडालाच 'निलगिरी' हे नाव पडावे, यावरून त्याने त्या डोंगराशी जोडलेले नाते किती दृढ झाले ते कळते. उटकमंडच्या थंडीत वसाहतीला व छावणीला सरपण लागे. खोऱ्यांतील 'शोला' वने त्यासाठी तुटू लागली, म्हणून इ. स. १८६३ पासून उटकमंडजवळ अरंबी येथे सरकारी लागवड झाली. शोला वाचविण्याचा हा उपाय एका अर्थी विवेकाचाच होता. पण नवी झाडे लावावयास रिकामी जागा कोणती, तर तोडांच्या म्हशी चरत ती गवताळ टेकाडे, असे उत्तर उत्तरोत्तर रूढ झाले.

ही टेकाडे रिकामी नव्हती. आर. सुकुमार व त्यांचे सहकारी यांनी इ. स. १९९३ मध्ये निलगिरीतील पीटच्या थरांचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. उष्ण प्रदेशातील गवते आणि वृक्ष कर्बाच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण निरनिराळे राखतात. त्यावरून मातीतील जुना कर्ब गवताचा की झाडाचा, हे ओळखता येते. या पुराव्यावरून सुमारे २०,००० वर्षांत गवत व वन यांची चढउतार पावसाळी हवामानाबरोबर होत आली, असे दिसून आले. म्हणजे हे गवत मनुष्याने वन तोडून निर्माण केलेले उजाड रान नव्हे. ती एक पुरातन वनस्पतिसृष्टी असून तिचा संचय जमिनीखाली होता.

त्या काळच्या वनाधिकाऱ्यांना सर्वस्वी दोष देणे मात्र अनैतिहासिक ठरेल. वनस्पती आपला कर्ब ह्यूमसमधून नव्हे तर हवेतून घेतात, हे लीबिगने इ. स. १८४० मध्ये ठासून मांडल्यावर मातीतील कर्बाचे महत्त्वच ओसरले. इ. स. १८७६ मध्ये एबरमायरने बव्हेरियातील वनांच्या पाचोळ्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. परंतु त्याची चिंता मातीच्या कसाची होती, हवेची नव्हे. हवेतील कर्बवायू व पृथ्वीचे तापमान यांचे गणित आऱ्हेनियसने मांडले ते इ. स. १८९६ मध्ये, आणि मातीतील सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉक्ले व ब्लॅक यांची सुलभ पद्धत आली ती इ. स. १९३४ मध्ये. प्रश्न आणि माप दोन्ही उशिरा आले. 'पडीक' हा शब्द मात्र आधीच रुजला होता.

आता या प्रक्रियेचे स्वरूप पाहू. जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात जगभर सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे; तो हवेतील कर्बापेक्षा बराच अधिक भरतो. लागवडीसाठी खड्डे व चर खणले की दबलेल्या थरांत हवा शिरते, सूक्ष्मजीवांचे कार्य वाढते आणि साठलेला कर्ब वायुरूपाने बाहेर पडतो. गवताच्या दाट, सतत झडणाऱ्या मुळांऐवजी झाडांचा पाचोळा पृष्ठभागावर पडतो व तेथेच कुजतो. तोडीनंतर उघडी माती तापते. तोडीची फेरी जितकी आखूड, तितका मातीला सावरण्यास अवधी थोडा. गुओ व गिफर्ड यांनी इ. स. २००२ मध्ये अनेक निरीक्षणे एकत्र करून काढलेले निष्कर्ष येथे बोलके आहेत : शेतजमिनीवर वृक्षलागवड केल्यास मातीतील कर्ब सरासरीने १८ टक्के वाढतो, कुरणावर केल्यास १० टक्के व नैसर्गिक वनाच्या जागी केल्यास १३ टक्के घटतो. झाड लावणे ही क्रिया एकच. फळ मात्र पूर्वीच्या भूमीवर अवलंबून.

इतके ज्ञान हाती असूनही हिशेबाची जुनी रीत टिकून राहिली. इ. स. २००५ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय उत्सर्जन-व्यापारात जैव इंधनाच्या ज्वलनाचे उत्सर्जन शून्य धरण्यात आले. मातीची व वनाची घट भूमीच्या खात्यात दाखवावी, असा संकेत होता, पण इ. स. १९९७ च्या क्योटो करारात अनेक देशांच्या भूमीवर असे बंधनच नव्हते. सर्चिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. २००९ मध्ये ही हिशेबातील चूक उघड केली. त्यापूर्वी, इ. स. २००८ मध्ये, फार्जियोन व सहकाऱ्यांनी तिला 'कर्ज' हे समर्पक नाव दिले होते. आग्नेय आशियातील पीटभूमीवरील वर्षावन काढून लावलेल्या पामच्या तेलापासून इंधन केले, तर ते कर्ज फिटण्यास त्यांच्या गणिताप्रमाणे ४२३ वर्षे लागतात.

आपल्याकडे इ. स. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने मोगली एरंडासारख्या तेलबियांच्या लागवडीसाठी पडीक, अवनत व कनिष्ठ प्रतीच्या जमिनी सुचविल्या. अन्नाची जमीन वाचावी, हा हेतू स्तुत्यच होता. परंतु 'पडीक' हा शब्द दप्तरातून जसाच्या तसा उचलला गेला. मराठी शेतकऱ्याची भाषा याहून सूक्ष्म आहे. 'गायरान' गुरांचे, 'कुरण' गवतासाठी राखलेले, कोकणातील 'वरकस' भातखाचरांना राब पुरविणारी. या प्रत्येक शब्दात ती जमीन काय करते हे सांगितले आहे. 'पडीक' एवढेच सांगतो की ती धारा देत नाही.

तेव्हा इंधनवने लावावीत की नाहीत, असा सरसकट प्रश्नच योग्य नव्हे. कस गेलेल्या शेतात ती मातीला धन ठरू शकतील. जुन्या कुरणात किंवा पीटभूमीत ती ऋण ठरतील. हा निर्णय खड्डा खणण्यापूर्वीच, त्या जमिनीचा इतिहास वाचून करावयाचा आहे. त्यासाठी मृदाशास्त्रज्ञाचे माप जितके आवश्यक, तितकेच गावच्या बोलीतील जमिनीचे नावही आवश्यक आहे. भूमीच्या नोंदी, स्थलनामे आणि जमिनीचे शब्द यांचे संकलन आमच्या विभागांत आजवर शब्दसंग्रह म्हणून होत आले. मातीच्या हिशेबाचे साधन म्हणूनही त्याकडे पाहण्याची वेळ आली आहे.