पिट्सबर्गचे रंगीत डायनासोर

‘चौकातला रंगीत डायनासोर’ : अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात २००३च्या उन्हाळ्यात भरलेल्या ‘डायनोमाइट डेज’ या प्रदर्शनातला फायबरग्लासचा पुतळा. चित्रकारांनी रंगवलेले असे पुतळे शहरभर उभे होते. पुढे कार्नेगी नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मदतीसाठी त्यांचा लिलाव झाला. झुरिक (१९९८) आणि शिकागो (१९९९) इथल्या रंगीत गायींच्या पुतळ्यांनंतर शहरभर असे पुतळे उभे करण्याची प्रथा अनेक शहरांत रुळली. पिट्सबर्गने केलेली प्राण्याची निवड मात्र मला फार समर्पक वाटते. १९०२मध्ये मोंटानात सापडलेला आणि १९०५मध्ये ‘टिरॅनोसॉरस रेक्स’ हे नाव ज्याच्यावरून दिले गेले, तो मूळ सांगाडा १९४१पासून याच संग्रहालयाकडे आहे. रस्त्यात दिसलेल्या प्राण्याची खरी हाडे मुलांना त्याच शहरात पाहता येतात. — संपा.