सामायिक हार्डवेअर रजिस्टर
एकाच रजिस्टरमधील वेगवेगळे बिट अनेक ड्रायव्हर वापरतात, तेव्हा त्याला सामायिक रजिस्टर म्हणतात, उदा., चिपमधील क्लॉक-नियंत्रण रजिस्टर. एक बिट बदलण्यासाठी ड्रायव्हर पूर्ण मूल्य वाचतो, त्यात बदल करतो व परत लिहितो. मूल्य ० असताना दोन कोअरनी ते एकाच वेळी वाचून अनुक्रमे १ व २ लिहिले, तर ३ ऐवजी शेवटी लिहिलेलेच उरते. म्हणून वाचण्यापासून लिहिण्यापर्यंत स्पिनलॉक (एका वेळी एकाच कोअरला पुढे जाऊ देणारे लॉक) धरतात. इंटरप्ट हँडलरही तेच रजिस्टर वापरत असल्यास त्या कोअरवरील इंटरप्ट तेवढ्यापुरते बंद ठेवतात. लिनक्समध्ये २०११ साली आलेली रेगमॅप व्यवस्था हे लॉक स्वतः सांभाळते. काही चिपमध्ये बिट १ किंवा ० करण्यासाठी स्वतंत्र पत्ते असतात. तेथे आधी वाचावे लागत नाही.