टाळेबंदी

आमचे वालचंदनगर हे कारखान्याचे गाव. अशा गावात ‘टाळेबंदी’ हा शब्द पोराटोरांनाही ठाऊक असतो. परंतु त्याचा अर्थ एकच, मालकाने फाटकाला घातलेले कुलूप. २०२० सालच्या मार्चमध्ये मात्र तो शब्द फाटक सोडून घरोघरच्या उंबरठ्यावर येऊन बसला.

त्या महिन्यात सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ सालचा. पुण्याच्या प्लेगची आठवण त्याला चिकटलेली आहे. गोरे सोजीर घरात शिरत, माजघर आणि देवघर धुंडाळत. रोगी इस्पितळात जाई नि घरची माणसे छावणीत. लोक रोगापेक्षा या ताटातुटीलाच अधिक भ्याले आणि आजारी माणसे लपवू लागले. तो कोंडलेला संताप २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या पिस्तुलातून बाहेर पडला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, हेही शिकवतो.

पण २०२० साली राग धरावा असा कोणी रँड समोर नव्हता. घर आपलेच, कडीही आतून आपणच लावलेली. मग मनातले जावे कोठे? ते आतच मुरत राहिले.

आमच्या शेजारच्या आजी दर आषाढवारीला भाकरीची टोपली घेऊन अंथुर्ण्याला जात. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी इंदापूरकडे जाते. त्या वर्षी पादुका ३० जूनला एसटीने पंढरीस गेल्या. आजींनी त्या पहाटेही भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि दिवसभर दाराशी बसून राहिल्या. पुढे त्यांची झोप गेली, बोलणे तुटले. “म्हातारपण, दुसरे काय!” असे आम्ही म्हणालो. मीही म्हणालो. मुलांना इतिहास शिकवणाऱ्या मला भिंतीपलीकडचे माणूस वाचता आले नाही.

साथीच्या पहिल्या वर्षात चिंता नि खिन्नतेचे विकार जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला सरकारने १४४१६ हा मनाच्या दुखण्यासाठीचा दूरध्वनी सुरू केला. मृतांची मोजदाद साथी जुन्या काळापासून मागतात. जागणाऱ्यांची मोजदाद मात्र आपण आता कोठे शिकतो आहोत.

२०२२ च्या आषाढात पालखी पुन्हा पायी आली. आजींचा हात धरून मी अंथुर्ण्यास गेलो. एका वारकरी बाईने भाकरी घेतली नि विचारले, “माउली, दोन वर्षं कुठं होता?”

“घरातच हुते गं,” आजी म्हणाल्या, आणि दोन वर्षांत प्रथमच मोकळेपणी रडल्या.

या दिवाळीत फराळाचे ताट शेजारी पाठवाल, तेव्हा ते दारातून देऊन परतू नका. घटकाभर बसा.